दक्षिणेची लीग

अनुराधाच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी समितीने फॉक्सली टाउनला दक्षिणेच्या लीगमध्ये टाकलं, आणि वाढदिवसाचं जेवण बिघडणार हे तिला तेव्हाच कळलं.

दर मे महिन्यात लहान फुटबॉल क्लबांची वाटणी करणारी समिती नकाशा समोर घेऊन बसते. कुठे एखादा क्लब बंद पडलेला असतो, कुठे एखादा वर चढलेला. मग आकडा जमवायला मधल्याच कुणाला तरी उचलून इकडचं तिकडे करतात. यंदा कॉव्हेंट्रीच्या कडेला असलेल्या फॉक्सलीची पाळी आली. लीगची पायरी तीच राहिली, खेळाडू तेच राहिले. फक्त पन्नास वर्षांचे शेजारी प्रतिस्पर्धी गेले आणि त्यांच्या जागी थेट बेसिंगस्टोकपर्यंतची, अनुराधाने कधी नावही न ऐकलेली गावं आली. मॅचला तीनशे माणसं येणारा क्लब. त्या तीनशेतला एक तिचा नवरा, हाडांचा निवृत्त डॉक्टर श्रीकांत कर्णिक. एकोणपन्नास वर्षं.

"हरून खालच्या लीगमध्ये गेलो असतो तर समजलं असतं," शुक्रवारी फोन ठेवताना तो म्हणाला होता. "ते आपल्या कर्माने झालं असतं. हे काय?"

त्यानंतर तो मागच्या काचेच्या खोलीत, कॉन्झर्व्हेटरीत, जाऊन बसला तो बसलाच. चहा नेऊन दिला तर गार होईपर्यंत तसाच. मॅचच्या जुन्या सोबत्यांपैकी टेरीचा फोन आला, हॅरोल्डचा आला. सगळ्यांशी एकच वाक्य, हो, कळलं, वाईट झालं. माणूस गेल्यावर बोलतात तसं. अनुराधाला सहानुभूती वाटायला हवी होती. वाटत होता तो थकवा. या क्लबच्या सुखदुःखात तिने आजवर इतक्या वेळा चेहरा लांब केला होता की आता तो आपोआप होत नव्हता.

रविवारी सकाळी दहालाच देविका आली. दहा मिनिटांवर राहणारी ही धाकटी लेक, हॉस्पिटलातली फार्मासिस्ट, एकटी. तिच्या एका हातात फुलं होती आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या फोल्डरमधला कागद.

"हॅपी बर्थडे, आई. बाबा कुठे आहेत? सही पाहिजे." मग तिचं तिलाच वाईट वाटलं आणि तिने आईला घट्ट मिठी मारली. "सॉरी. आज पाचच्या आत अपील क्लबमध्ये द्यायचं आहे. उद्या सकाळी समितीकडे जाणार. प्रेसिडेंटची सही लागते."

सपोर्टर्स असोसिएशनचा प्रेसिडेंट श्रीकांत आणि सेक्रेटरी देविका.

"जेवण झाल्यावर," अनुराधा म्हणाली. "आज माझा दिवस आहे ना? पाच वाजायला अवकाश आहे. श्रीखंड फेटायचं आहे, हात धू."

*

मिलिंद, ऋजुता आणि सतरा वर्षांची स्वराली मिल्टन कीन्सहून साडेबाराला पोचले. पुऱ्यांच्या धुराने स्मोक अलार्म दोनदा वाजला, ऋजुताने टी-टॉवेलने त्याला वारा घातला, अनुराधाला ओवाळलं, आणि सगळे टेबलाशी बसले. मिलिंदने मनाशी ठरवलं होतं की आई-बाबांनी आपल्याजवळच्या बंगलोत राहायला यावं हा विषय जेवण संपल्यावरच काढायचा. पण वडील इतके गप्प होते आणि देविकाने त्या समितीवर इतकं तोंड सोडलं होतं की त्याला वाटलं, यात एखादी बरी बाजू दाखवली तर वातावरण हलकं होईल.

"बाबा, एका दृष्टीने बघितलं तर," तो म्हणाला, "आता तुमच्या निम्म्या अवे मॅचेस आमच्या बाजूला आहेत. मिल्टन कीन्सहून सगळं जवळ पडतं. आमच्या मागच्या रस्त्यावरचा तो बंगलो अजून विकला गेला नाहीये."

देविकाने पुरी ताटात ठेवली. "दादा, दोन दिवस पण नाही झाले. इथे फ्युनरल चाललंय आणि तू प्रॉपर्टी दाखवतोयस."

"फ्युनरल कसलं? लीग बदलली. टीम तीच आहे ना?"

"टीम म्हणजे काय फक्त अकरा मुलं? आपण कोणाशी खेळतो, ते पण टीमच असतं. मला प्रत्येक ग्राउंडवर कुठे पार्क करायचं ते माहिती आहे. कुठला चहा पिण्यासारखा आहे ते माहिती आहे. कोणाचा गोलकीपर शिव्या देतो ते पण."

"पण आत्या, नवीन लोकांशी खेळायचं तर मजा आहे ना?" स्वराली म्हणाली. "माझा शाळा बदलला तेव्हा मी पण रडले होते. मग इट वॉज फाइन."

"नवीन लोकांना हरवून काय मजा? मला त्यांचा राग पण येत नाही."

श्रीकांत दोन दिवसांत पहिल्यांदा हसला. "खरं आहे. नीट राग यायला वीस वर्षं लागतात," तो म्हणाला. "तेवढी कुठून आणायची?"

ऋजुताने कोशिंबीर पुढे सरकवली. सासरच्या या विषयात ती पुण्याहून आली त्या दिवसापासून पाहुणीच होती, आणि पाहुण्यांचं काम ती चोख करायची. "देविका, ते पत्र वाचून दाखव ना. ऐकू दे आम्हाला पण."

"तूच वाच. माझा आवाज जाईल मध्येच."

ऋजुताने हात पुसून फोल्डर घेतलं. पत्र चांगलं होतं. दर मोसमात किती मैल वाढतील, मंगळवारी संध्याकाळच्या मॅचला कामावरची मुलं कशी पोचणार, सगळं मुद्देसूद. मग तिचा आवाज थोडा मऊ झाला. "आमचे अध्यक्ष डॉ. श्रीकांत कर्णिक, वय अठ्ठ्याहत्तर, यांनी १९८१ सालापासून एकही अवे मॅच चुकवलेली नाही..."

"देविका झाली त्या शनिवारी चुकली होती," अनुराधा म्हणाली. "तेवढीच."

"...आजही ते स्वतः गाडी चालवत जातात. पण या वयात रात्रीचा शंभर मैलांचा परतीचा प्रवास त्यांना जमणार नाही. नकाशावरची एक रेघ हलवून तुम्ही अशा माणसाला घरी बसवत आहात."

श्रीकांतने पाण्याचा पेला हातात घेतला आणि न पिताच खाली ठेवला. ऋजुता पुढे वाचत गेली. "शेवटी आमच्या शेजारच्या डनवेल क्लबविषयी. दोन गावांमध्ये चार मैलांचं अंतर आहे. बॉक्सिंग डेला आमची त्यांच्याशी होणारी मॅच तीन पिढ्या बघत आल्या आहेत. ती गेली तर आमच्या गावाचा नाताळ..."

"ती गेली ते बरंच झालं," मिलिंद म्हणाला.

त्याला हे म्हणायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"व्हॉट डू यू मीन?" देविका म्हणाली. "तुला काय माहिती रे त्या मॅचबद्दल? तू कधी येतोस?"

"एकदा आलो होतो."

"कधी?"

"अकरा वर्षांचा होतो तेव्हा."

"मग?" स्वरालीने विचारलं. "काय झाला तेव्हा?"

मिलिंदने बायकोकडे पाहिलं. तिलाही त्याने हे सांगितलं नव्हतं. न सांगण्यासारखं काही होतं असं नाही. सांगायला बसावं असं कधी वाटलं नव्हतं, एवढंच. आता सगळे त्याच्याकडे बघत होते आणि विषय बदलायला लागणारी ताकद त्याच्यात नव्हती.

"आईने मला क्लबच्या मरून रंगाचा मफलर विणून दिला होता," तो म्हणाला. "बाबा आणि मी कठड्याशी उभे होतो. मागे दोरी होती आणि दोरीपलीकडे डनवेलचे लोक. त्यातला एक जण खाली वाकला आणि त्याने मला एक शब्द म्हटला. आपल्यासारख्या लोकांना हिणवायला म्हणायचे तो. मग त्याच्या बाजूच्यांनी तोच शब्द गाण्यासारखा म्हणायला सुरुवात केली. सेकंड हाफ संपेपर्यंत. मी बाबांचा कोट ओढला. दोनदा ओढला. बाबा मॅच बघत राहिले."

"ओ गॉड, दादा," देविका म्हणाली.

"येताना गाडीत ते रेफ्रीबद्दल बोलत होते. मला वाटलं, गर्दीत त्यांना ऐकूच आलं नसेल. तसंच असणार. मग मी परत गेलो नाही. बस, इतकंच." तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "सदतीस वर्षं झाली. श्रीखंड घ्या कुणीतरी."

"मी ऐकलं होतं," श्रीकांत म्हणाला.

टेबलावरचे हात जिथल्या तिथे राहिले.

"पहिल्यांदा म्हटलं तेव्हाच ऐकलं होतं. तू कोट ओढलास तेही कळलं." तो मिलिंदच्या खांद्याच्या थोडं बाजूला बघून बोलत होता. "मागे वळलो असतो तर काहीतरी करावं लागलं असतं. ते चाळीस जण होते. पण त्यांची भीती नव्हती मला, खरं सांगतो. आपल्याच लोकांची होती. टेरी, हॅरोल्ड, सगळे पुढे बघत उभे होते. त्यांनीही ऐकलं होतं. मी भांडलो असतो तर त्यांना ठरवावं लागलं असतं, माझ्या बाजूने उभं राहायचं की नाही. आणि नसते राहिले तर? हॉस्पिटलमध्ये मी त्यांच्यातला नव्हतो. या गल्लीतही नव्हतो. त्या कठड्याशी होतो. मला ते तपासून बघायचं नव्हतं."

"आणि मी?" मिलिंदने विचारलं. आवाज त्याला स्वतःलाच अकरा वर्षांच्या मुलासारखा वाटला आणि त्याचा त्याला राग आला.

"पुढच्या शनिवारी तू म्हणालास, पोट दुखतंय, येत नाही. मला वाटलं, सुटलो."

मिलिंदने खुर्ची मागे सारली, ताट उचलून सिंकमध्ये नेऊन ठेवलं आणि मागच्या दाराने बागेत गेला.

*

देविकाला लहानपणापासून एक गोष्ट माहीत होती: बाबांनी शनिवारसाठी दादाला नाही, तिला निवडलं होतं. आठ वर्षांची असताना ते तिला पहिल्यांदा घेऊन गेले होते. दादाला थंडी सोसत नाही, दादाला आवड नाही, असं घरात म्हणायचे. त्या गोष्टीवर तिने बरंच काही उभारलं होतं. लग्न मोडलं त्या वर्षीसुद्धा शनिवार होते म्हणून ती सोमवारपर्यंत पोचायची.

आता त्या गोष्टीचं काय करायचं ते तिला कळेना. पण घड्याळात पावणेतीन वाजले होते.

"बाबा," ती दमलेल्या आवाजात म्हणाली, "मी डनवेलचा पॅराग्राफ काढते. बाकीच्यावर सही करा."

"तो राहू दे. माझा काढ."

"तोच तर मेन आहे. बाकी सगळे क्लब मैलांचंच लिहितात. समितीतले लोक पण माणसंच आहेत, तुमचं वाचून त्यांना काहीतरी वाटेल."

"खोटं आहे ते."

"काय खोटं आहे? एक्याऐंशीपासून एक पण मॅच..."

"देवू, मला मधलं दिसत नाही."

तिला वाटलं, पत्रातलं मधलं काहीतरी. ती कागद वळवून त्यांच्याकडे सरकवायला लागली.

"कागदाचं नाही. डोळ्यांचं. मॅक्युला गेला आहे, दोन्हीकडचा. डावा आधीपासून, उजवा फेब्रुवारीत. तुझ्याकडे बघतो तेव्हा केस दिसतात, कानातलं दिसतं. चेहऱ्याच्या जागी डाग असतो. बॉल तर तेव्हापासून दिसला नाही. लोक ओरडले की मी ओरडतो."

देविका फार्मासिस्ट होती. हे शब्द ती रोज प्रिस्क्रिप्शनवर वाचायची. ते डोक्यात शिरायला तिला तरीही थोडा वेळ लागला, आणि मग सगळ्यांच्या आधी शिरला तो आकडा: फेब्रुवारी ते एप्रिल, सात अवे मॅचेस.

"तुम्ही गाडी चालवत होतात," ती म्हणाली.

"हो."

"मी शेजारी बसले होते, बाबा."

"हो."

"मार्चमध्ये राउंडअबाउटवर ती लॉरी... तुम्ही म्हणालात, सूर्य डोळ्यांवर आला."

"ढग होते त्या दिवशी," श्रीकांत म्हणाला.

तिने कागद बाजूला सारला. "तुम्ही डॉक्टर आहात. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर तुम्ही स्वतः त्याचं लायसन्स काढून घ्यायला लावलं असतं."

"लावलं आहे. तीन जणांना." त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "प्रत्येक वेळी वाटायचं, एवढा मोसम संपू दे. रस्ते पाठ आहेत. रस्ते पाठच होते, देवू, माणसं कुठे पाठ असतात? त्या लॉरीनंतर मी रात्री झोपलो नाही. आणि पुढच्या शनिवारी परत निघालो."

देविका आईकडे वळली. अनुराधा टेबलावरचे कण एका बोटाने गोळा करत होती.

"आई, तुला माहिती होतं?"

*

अनुराधाला नाही म्हणता आलं असतं. श्रीकांतने तिला सांगितलं नव्हतं. पण मार्चमध्ये ड्रायक्लीनिंगला द्यायच्या त्याच्या कोटात तिला डोळे तपासणाऱ्यांचं पत्र सापडलं होतं. तिने ते दोनदा वाचलं, होती तशी घडी केली आणि परत खिशात ठेवलं. कोट त्या आठवड्यात ड्रायक्लीनिंगला गेला नाही.

"हो," ती म्हणाली.

"आणि तू मला जाऊ दिलंस? त्यांच्याबरोबर? त्या गाडीत?"

"हो."

"का?"

ऋजुताने स्वरालीला डोळ्यांनी खूण केली, चल बाहेर. स्वराली हलली नाही.

"तुम्हाला वाटतं, आईला शनिवारी एकटं वाटतं," अनुराधा म्हणाली. "वाटायचं. मिलिंद लहान होता, बाहेर बर्फ, शेजारी कुणाशी बोलायची चोरी, आणि हे मॅचला. फार रडले मी त्या वर्षांत. मग रडू संपलं. मग शनिवार माझा झाला. शिल्पा येते, आम्ही मैत्रिणी पेटी काढतो, दोघींना जमेल तसं गातो. कधी ती नाही आली तर मी नुसती बसते. घरात कुणी नसतं, कुणाला काही द्यायचं नसतं. पत्र वाचलं आणि मला पहिला विचार आला तो यांच्या डोळ्यांचा नव्हता. हे आता शनिवारी घरी बसणार, हा होता."

"अनुराधा," श्रीकांत म्हणाला.

"तुम्ही थांबा. आज तुम्ही खरं बोललात, मग मला बोलू द्या." ती लेकीकडे वळली. "तू शेजारी असतेस हे माझ्या डोक्यात होतं. मी मनाला सांगायचे, ते डॉक्टर आहेत, त्यांना समजत असेल. गाडी परत येईपर्यंत पेटीवर हात ठेवून बसायचे, वाजवत नव्हते. पण बोलले नाही. त्याला माफी नाही, मला माहीत आहे."

देविका उठली. बाहेरच्या खोलीतल्या खुंटीवरच्या गाडीच्या किल्ल्या तिने खिशात टाकल्या आणि तीही बागेत गेली.

मिलिंद शेडच्या पायरीवर बसला होता. ती त्याच्या शेजारी बसली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. त्याला वाटलं होतं की हे कधी ना कधी ऐकायला मिळालं तर आपल्याला बरोबर ठरल्याचं समाधान होईल. गाडी सोडा, असं तो वर्षभर सांगत होता. समाधान झालं नाही. बहीण मरू शकली असती, एवढंच त्याला कळलं.

"तू मला कधीच का नाही सांगितलंस?" देविकाने विचारलं. "त्या मॅचचं."

"तू खूश असायचीस. घरी येऊन सगळी मॅच परत करून दाखवायचीस, कार्पेटवर."

"मला तुझी जागा मिळाली होती, दादा."

"जागा थंड होती फार," मिलिंद म्हणाला.

तिला हसू आलं, आणि हसता हसता ती रडली. त्याने तिला रडू दिलं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "पत्र किती वाजेपर्यंत द्यायचं होतं?"

"जाऊ दे ना ते पत्र आता."

"किती वाजेपर्यंत?"

*

दोघं आत आली तेव्हा टेबलावर देविकाचा लॅपटॉप उघडा होता. स्वराली टाइप करत होती आणि तिचे आजोबा डोळे मिटून सांगत होते. त्यांच्यावरचा परिच्छेद काढून टाकला होता. त्या जागी चारच ओळी होत्या, आणि स्वरालीने त्या मोठ्याने वाचून दाखवल्या.

"आमच्याकडे फार चांगलं कारण नाही. या शेजाऱ्यांशी भांडायची आम्हाला सवय झाली आहे. आम्हाला त्यांचं सगळं माहीत आहे, वाईटसुद्धा, आणि त्यांना आमचं. नवी सवय लागायला जितकी वर्षं लागतात तितकी आमच्यातल्या अनेकांकडे उरलेली नाहीत."

"आजोबा म्हणाले, डनवेलचा पॅराग्राफ पण ठेवायचा," ती मिलिंदकडे बघत म्हणाली. "पण मी म्हटलं, आधी बाबाला विचारते. इज दॅट ओके?"

मिलिंदने वडिलांकडे पाहिलं. ते डोळे उघडून आवाजाच्या दिशेने बघत होते, थोडे चुकीच्या जागी.

"राहू दे," तो म्हणाला.

प्रिंट काढल्यावर स्वरालीने सहीच्या ओळीखाली बोट धरलं आणि श्रीकांतने बोटाच्या अंदाजाने सही केली. ती ओळीच्या वर गेली. साडेचारला मिलिंद देविकाला घेऊन क्लबवर गेला. तो गाडीतच बसून राहिला. मैदानाचं फाटक, तिकिटाची लाकडी खिडकी, मागे झाडं. सगळं त्याच्या आठवणीपेक्षा बरंच लहान होतं.

उत्तर आठ दिवसांनी आलं. दोन ओळींचं होतं. अपील विचारात घेतलं, मान्य करता येत नाही.

त्याच आठवड्यात श्रीकांतने लायसन्सच्या ऑफिसला स्वतः फोन केला. चाळीस मिनिटं म्युझिक ऐकलं आणि पलीकडच्या मुलीला आपलं नाव, जन्मतारीख आणि आजार नीट स्पेलिंगसकट सांगितला. मिल्टन कीन्सचा बंगलो कुणीतरी घेतला. मिलिंदने तो विषय परत काढला नाही. देविका जूनभर आईशी कामापुरतं बोलत होती, जुलैत एका रविवारी ती न सांगता आली, ओट्याशी उभं राहून तिने भांडी घासली आणि जाताना म्हणाली, "पुढच्या रविवारी पण येते." अनुराधाने बरं म्हटलं. त्याहून जास्त मागायची तिची हिंमत नव्हती.

*

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी फॉक्सलीची दक्षिणेतली पहिली अवे मॅच होती, मिल्टन कीन्सपासून पंचवीस मिनिटांवर. देविकाची हॉस्पिटलात ड्युटी होती. तिने श्रीकांतला कॉव्हेंट्रीला ट्रेनमध्ये बसवून दिलं. अनुराधाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नको गं. शिल्पा येणार आहे."

मिल्टन कीन्सच्या स्टेशनवर मिलिंद उभा होता.

मैदान श्रीकांतला कडेकडेने दिसलं: उजवीकडे कुंपण, डावीकडे निळसर काहीतरी, बहुतेक छप्पर. फॉक्सलीचे लोक किती आलेत असं त्याने विचारलं. मिलिंदने मोजून सांगितलं, एकवीस. टेरी आला नव्हता. आपलं नाही ते, म्हणाला होता. दारावरच्या बाईने विचारलं, तुम्ही कुठले? आणि फॉक्सली म्हटल्यावर ती म्हणाली, अच्छा, आणि ते कुठे आलं?

पन्नास वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. त्याने समजावून सांगितलं. तिने तोंडभर हसून आत सोडलं. या बाईचा राग येणं कठीण होतं.

दोघे कठड्याशी उभे राहिले. मॅच सुरू झाली आणि मिलिंद हळू आवाजात सांगायला लागला. त्याला खेळाडूंची नावं माहीत नव्हती. "आपला तो उंच मुलगा... त्याच्याकडे बॉल... आता नाहीये."

"उंच म्हणजे कोण? नंबर सांग."

"पाठ इकडे झाली की सांगतो. सहा. सहा नंबर."

"त्याला आधी पास द्यायला शिकवा म्हणावं," श्रीकांत म्हणाला.

पहिला हाफ असाच संपत आला. मिलिंद चुकत होता, मागे पडत होता, मध्येच गप्प होत होता. श्रीकांतने कठड्यावरचा हात किंचित सरकवला, तेव्हा तो मुलाच्या बाहीला लागला. त्याने तो तिथेच ठेवला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. मे महिन्यापासून त्याने ते अनेक प्रकारे जुळवून पाहिलं होतं, आणि कुठल्याच प्रकारात ते पुरेसं होत नव्हतं.

"मिलिंद, त्या दिवशी मी मागे वळायला हवं होतं."

मिलिंदने त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो. वळायला हवं होतं."

त्याच वेळी आजूबाजूला मोठा आवाज झाला. श्रीकांतने मान वर केली.

"गोल? कुणाचा?"

"त्यांचा."

"बरं."

ढग दाटून आले होते आणि थेंब पडायला सुरुवात झाली होती. फॉक्सलीच्या एकवीस जणांपैकी दोघं-तिघं छपराकडे निघाले. मिलिंदने कॉलर वर केली.

"अजून किती वेळ आहे?" श्रीकांतने विचारलं.

"सेकंड हाफ सगळाच आहे, बाबा. तासभर तरी. गाडीत बसायचं का?"

"तुला जायचं आहे?"

मिलिंदने मैदानाकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "थांबू या."